पिचरच्या घरी, वुडलँड्सला

सिंगापूरहून आल्यापासून कराडात जो भेटतो तो एकच विचारतो. तोंडातून पाणी सोडणारं ते सिंहाचं शिल्प पाहिलंत का? नाही पाहिलं. गच्चीवर तलाव असलेलं ते तीन मनोऱ्यांचं हॉटेल? ते बसमधून दिसलं, पण मान वळवेपर्यंत मागे गेलं. मग आठवडाभर तिथे केलंत तरी काय, असा चेहरा करून माणसं पुढे जातात. मी काय केलं ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी शाळेत पी.टी.ची बाई होते. आता निवृत्त आहे, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते आणि कुठे रांग वाकडी दिसली की तोंड आपोआप उघडतं. तुमचा आवडता खेळाडू कोण, असं विचारणारा एखाद्या क्रिकेटवाल्याचं नाव ऐकायच्या तयारीत असतो. मी दिगंबरचं नाव सांगते. मग "हा कोण?" असं होतं. दिगंबर माझ्या शाळेतला मुलगा, आणि बेसबॉल खेळून पोट भरणारा आमच्या भागातला पहिला माणूस. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. दिगंबर पिचर आहे.

मुळात तो क्रिकेटचाच. आठवीत असताना शाळांच्या सामन्यात पंचांनी त्याला इतके नोबॉल दिले की षटक संपेना. हा मुलगा टाकत नाही, फेकतो, असं पंच म्हणाले. क्रिकेटमध्ये कोपरात हात वाकवून फेकणं म्हणजे गुन्हाच. सरांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. बाहेर, शेजारीच, माझ्या मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव चालला होता. त्यानं रागारागानं आमचा एक चेंडू उचलला आणि कुंपणाकडे भिरकावला. मी ते कोपर पाहिलं आणि ओरडायचं विसरले. मुलींनी त्या दिवशी बराच वेळ फुकटचा आराम केला.

पुढे तो राज्याकडून खेळला, मग देशाकडून. खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागायची संधी चालून आली होती. घरचे त्यासाठी मागे लागले होते. त्याच सुमाराला एका शिबिरात परदेशी प्रशिक्षकांनी त्याचा हात पाहिला आणि हा गडी अमेरिकेला गेला. गेल्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला, बाई, या, तिकीट काढतोय. मला वाटलं, गुरुदक्षिणा असावी. मीही आढेवेढे न घेता शेंगदाण्याची चटणी भरायला घेतली.

वुडलँड्स

दिगंबर राहतो ते वुडलँड्स सिंगापूरच्या उत्तर टोकाला आहे. त्याच्या अकराव्या मजल्यावरून खाडी दिसते आणि खाडीपलीकडे मलेशिया. मधल्या पुलावरून रोज सकाळी मोटारसायकलींची रीघ लागते. पलीकडे राहायचं आणि अलीकडे कामाला यायचं. आमच्याकडे मलकापूरहून कराडला यावं तसे लोक दुसऱ्या देशातून कामाला येतात, आणि खिशात पासपोर्ट असतो. मला याचं फार नवल वाटलं. इथल्या लोकांना माझ्या नवलाचं.

घरात तिघं. दिगंबर, त्याची बायको सायली आणि साडेचार वर्षांची इरा. सायली पुण्याची, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करते, आणि तिच्याच पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, सगळं घर इथे आहे. इराला मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं व्यवस्थित चालत होतं. भात आणखी हवा का म्हटलं की "ऑलरेडी फुल ला" म्हणायची. ते "ला" कशासाठी, असं मी विचारलं, तर सायली म्हणाली, आपण "गं" का लावतो, तसंच.

पहिल्याच सकाळी मी गोंधळ घातला. इथे कपडे वाळत घालायची तऱ्हा वेगळी. लांब बांबूत कपडे ओवायचे आणि तो बांबू खिडकीबाहेर खोचायचा, झेंड्यासारखा. मी माझी सुती साडी चिमटे न लावता ओवली. वाऱ्यानं ती निघाली ती थेट नवव्या मजल्यावरच्या बांबूवर जाऊन बसली. संध्याकाळी खालच्या मलायी बाई दारात आल्या. साडी धुऊन, घडी घालून आणली होती, वर डब्यात तळलेली केळी. मी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी मागितली, तेव्हा मला सिंगापूर आवडायला लागलं.

दिगंबरच्या हॉलमध्ये एका भिंतीवर टोप्या आहेत. घरमालक खिळा ठोकू देत नाही म्हणून चिकटवायच्या हुकांवर टांगलेल्या. ज्या ज्या संघाकडून खेळला त्या त्या संघाची टोपी. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यानं मला त्या एकेक करून दाखवल्या. तो टोप्यांनी सांगत होता आणि सायली स्वयंपाकघरांनी.

पहिली टोपी लाल, अमेरिकेतल्या अगदी खालच्या पायरीची. तिथे रात्ररात्र बसनं प्रवास आणि दुपारी वाळवंटातल्या उन्हात सामना. दुसरी निळी, एक पायरी वर. तिसरी काळी, आणखी एक पायरी वर, आणि तिच्याच मोसमात कोपरातला बंध तुटला. मनगटातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. वर्षभर बसून राहिला, मग संघानं सोडलं. अजून एक पायरी चढला असता तर आपल्याकडच्या पेपरात फोटो आला असता, असं तो हसत म्हणाला. मी हसले नाही. मी त्या फोटोसाठी कात्री तयार ठेवली होती.

पुढच्या टोप्यांच्या वेळी त्याचं लग्न झालेलं होतं. हिरवी ऑस्ट्रेलियाची, तिथल्या स्वयंपाकघरात एकच शेगडी चालायची. पांढरी इटलीची, तिथे घरमालकीण रोज सायलीला पाव देऊन जायची. पिवळी तैवानची, दुसऱ्या फळीतली, तिथे इरा पोटात होती आणि सायलीला फोडणीचा वास सहन होत नव्हता. इथे टोप्या संपतात. तीन वर्षांपूर्वी सायलीला सिंगापूरची नोकरी लागली आणि पहिल्यांदाच दिगंबर तिच्या मागे आला. आता तो इथे मुलांना शिकवतो.

पिवळ्या टोपीशेजारी एक रिकामा हुक होता. तो कशाला, असं मी विचारलं. त्यानं उत्तर द्यायच्या आत सायली भांडी घासायला उठून गेली.

त्याला पस्तिसावं लागलं आहे. तैवानच्याच दुसऱ्या एका संघाला एका मोसमासाठी अनुभवी पिचर हवा होता, आणि त्यांचा माणूस शनिवारी दिगंबरचा हात पाहायला येणार होता. तर इकडे, ज्या अकादमीत तो शिकवतो, तिथले लोक त्याला मुख्य प्रशिक्षक करायला तयार होते. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. तैवानला गेला तर ते दुसरा माणूस घेणार. हे मला तिथे टोप्यांसमोर उभी असताना कळलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. दिगंबर पुन्हा खेळणार, एवढंच मला ऐकू आलं.

तोआ पायोह

अकादमीचा सराव तोआ पायोहला एका शाळेच्या मैदानावर असतो. हा भाग जुना, वस्ती म्हाताऱ्यांची, आणि मला घरच्यासारखा वाटला. सकाळी सकाळी आजोबा लोक बाकांवर बसून जगाचे प्रश्न सोडवत असतात. भाषा कळत नव्हती, पण हातवारे आमच्या कृष्णाघाटावरचेच.

दुपारी आम्ही तिथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. एका मोठ्या छपराखाली पन्नास-साठ खाण्याचे गाळे आणि मधोमध टेबलं. दिगंबर जेवण आणायला गेला. मला एक रिकामं टेबल दिसलं, त्यावर कुणीतरी कागदी रुमालांचं पाकीट विसरलं होतं. मी बसले, पाकीट उघडलं, त्यातल्या एकानं घाम पुसला आणि दुसऱ्यानं टेबल. इतक्यात दोन बायका हातात वाडगे घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. दिगंबर धावत आला, माफी मागितली आणि मला उठवलं. इथे पाकीट ठेवलं की टेबल धरलं असं समजतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी हयात गेली, आणि मला हे समजू नये? मी त्या बायकांना दुसरं पाकीट विकत घेऊन दिलं. त्यांनी मला बारलीचं गार पाणी पाजलं.

तिथे मी कॅरट केक नावाचा पदार्थ मागवला. गाजराचा केक येईल म्हणून वाट पाहिली, तर आला मुळ्याच्या वड्यांचा अंडं घालून परतलेला चुरा. गाजर फक्त नावात. चवीला मात्र असा की मी प्लेट पुसून खाल्ली. खाल्ल्यावर ताट आपण उचलून ठेवायचं, नाहीतर दंड. ही शिस्त मला फार आवडली.

संध्याकाळी त्याचा सराव पाहिला. मुलं चिनी, मलायी, तमिळ, दोन जपानी. दिगंबर कुणावर ओरडत नव्हता. एकाचं पाऊल चुकत होतं, तर हा गुडघ्यावर बसून त्याचं पाऊल हातानं धरून बसला. मी नोकरीभर जे आरडाओरडा करून केलं ते हा न बोलता करत होता. मला थोडा राग आला आणि बराच अभिमान वाटला. तरी मनात म्हटलं, शिकवणं काय, म्हातारपणीही होईल.

रॅफल्स प्लेस

शुक्रवारी सायलीनं मला तिच्या ऑफिसकडे जेवायला बोलावलं. रॅफल्स प्लेसला स्टेशनातून वर आलं की माणूस मुंगीएवढा होतो. चारी बाजूंना बँका, आणि त्यातून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं भराभरा चाललेली. आम्ही नदीकाठी सावलीत बसलो. तिनं डब्यात थालीपीठ आणलं होतं, कारण बाहेरचं खाऊन मी कंटाळले असेन असा तिचा समज. मी कंटाळले नव्हते, पण थालीपीठाला नाही म्हटलं नाही.

जेवण होईपर्यंत ती इराच्या शाळेचं बोलत होती. मग डबा बंद करून म्हणाली, "बाई, तुम्ही त्याला सांगा ना, आता पुरे म्हणून. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, तू सांगितलंस का? तिनं मान हलवली. ती कधीच नको म्हणाली नव्हती. तिनं नको म्हटलं असतं तर तो थांबला असता, आणि मग जन्मभर तिनं थांबवलं असं झालं असतं. ते तिला नको होतं. डॉक्टरांनी इटलीतच बजावून ठेवलेलं, तो बंध पुन्हा तुटला तर हात सरळ व्हायचा नाही. तिला घर बदलायचा कंटाळा आलेला नव्हता. तिला त्या हाताची भीती वाटत होती.

मी काही वचन दिलं नाही. खरं कारण सायलीला सांगायचं धैर्य झालं नाही, ते इथे लिहिते. मला त्या रिकाम्या हुकावर टोपी हवी होती. आमच्या गावातला मुलगा अजून खेळतोय, हे मला अजून वर्षभर लोकांना सांगायचं होतं. ट्रेनमध्ये परत जाताना मला थालीपीठ जड झालं.

मैदान

शनिवारी दुपारी तैवानहून लिन नावाचे गृहस्थ आले. पन्नाशीचे, बारीक, बोलणं कमी. त्यांच्याकडे चेंडूचा वेग मोजायचं यंत्र होतं. चेंडू झेलायला दिगंबरचा सहकारी फैझल बसला आणि लिनसाहेब त्याच्या मागे जाळीआड उभे राहिले. चेंडू पाहायचा तर तीच जागा. मी मात्र बाजूला, दिगंबरच्या छातीसमोर येईल अशा बाकावर बसले. माझी जुनी सवय. मी कधी चेंडू पाहतच नाही. चेंडू कुठे जाणार ते कोपर आधीच सांगतं.

सुरुवात काय सुरेख झाली. पाय उचलला, वळला, कोपर खांद्याच्या रेषेत आलं आणि हात सुटला. फैझलच्या हातमोज्यात असा आवाज व्हायचा की शेजारची बास्केटबॉलवाली मुलं खेळ थांबवून बघायला लागली. मला तर त्याला आठवीतला पाहतेय असं वाटलं. लिनसाहेब यंत्राकडे बघून मान डोलवत होते.

मग भोंगा वाजला. सिंगापुरात विजा फार पडतात, म्हणून मैदानांवर इशाऱ्याची यंत्रं असतात. भोंगा झाला आणि दिवा लुकलुकला की आभाळ निळं असलं तरी मैदान सोडायचं. सगळे मुकाट्यानं छपराखाली आले. पाचच मिनिटांत पाऊस असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. तेवढ्यात सायली आणि इराही भिजत येऊन पोचल्या. दिगंबरनं उजव्या, फेकायच्या हातावर टॉवेल गुंडाळला आणि आमच्यापासून दूर जाऊन बसला.

पाऊस गेला, दिवा विझला. लिनसाहेबांना आणखी थोडेच चेंडू पाहायचे होते. पहिले दोन ठीक गेले. तिसऱ्याला मी बाकावर पुढे सरकून बसले. कोपर खाली आलं होतं, किंचित, दोन बोटं असेल. पुढच्याला आणखी. तो हातानं फेकत नव्हता, खांद्यानं ओढत होता. चेंडू तरी जोरातच जात होता, कारण दिगंबर हुशार आहे, कमरेतून जोर काढत होता. जाळीआडून यातलं काहीच दिसण्यासारखं नव्हतं. लिनसाहेबांनी यंत्र बंद केलं, पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला आणि सोमवारी करार पाठवतो म्हणाले. फैझलनं टाळ्या वाजवल्या. सायलीनंही वाजवल्या.

दिगंबर सरळ माझ्याकडे आला. शेजारी बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, काय दिसलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलावं असं फार वाटत होतं. माझ्या जिभेवर शाबास आलंसुद्धा होतं.

"पावसाआधी सगळं बरोबर होतं," मी म्हटलं. "नंतर तिसऱ्या चेंडूपासून कोपर खाली येतंय. दुखतंय ना?"

तो म्हणाला, "गार झालं की दुखतं. गेल्या वर्षापासून. कुणाला दिसत नव्हतं, म्हणून वाटलं, चालून जाईल. आधी एकदा तुम्हाला दाखवायचं होतं."

म्हणजे माझं तिकीट यासाठी होतं. मी चटणी घेऊन पाहुणचाराला आले होते आणि त्यानं मला या बाकावर बसवायला आणलं होतं. मी म्हटलं, हे ओझं माझ्यावर कशाला टाकलंस? त्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझं काय व्हायचं ते झालं, डोळे पुसायला पदर लागला. तो उठला आणि लिनसाहेबांकडे गेला. मला शब्द ऐकू येत नव्हते. दिगंबर आपलं कोपर दाखवून काही सांगत होता. लिनसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. दिगंबरनंही केला.

सायली माझ्याजवळ आली तेव्हा दिगंबरनं नकार दिल्याचं तिला फैझलकडून कळलेलं होतं. "हेच तर मागत होते मी," ती म्हणाली, "मग मला इतकं वाईट का वाटतंय?" मलाही तितकंच वाईट वाटत होतं, म्हणून दोघी बाकावर चिकटून बसलो.

पुन्हा वुडलँड्स

परतीच्या ट्रेनमध्ये इराच बोलत होती. पावसात तिचे बूट भिजले होते आणि त्यातून बेडकासारखा आवाज येत होता, तो ती प्रत्येक स्टेशनला आम्हाला ऐकवत होती. वुडलँड्सला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. स्टेशनपासून घर दहा मिनिटांवर. अर्ध्या वाटेत इरा थांबली, दोन्ही हात वर केले आणि पाय दुखतात म्हणाली. दिगंबर वाकला आणि त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं.

"बाबा, राँग साइड ला," इरा म्हणाली.

सायली चालता चालता थबकली. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला हळूच म्हणाली, "जन्मल्यापासून तिला उजव्या हातावर कधी घेतलं नाही त्यानं."

दिगंबरला ते ऐकू गेलं असावं, पण तो वळला नाही. "आता ही साइडपण तुझीच," असं काहीसं तो इराला सांगत होता. तिला ते पटलेलं दिसलं नाही. त्या खांद्यावर डोकं कसं ठेवायचं ते तिला जमेना. तिनं मान या अंगाला वळवली, त्या अंगाला वळवली, एकदा कुरकुरली. लिफ्टपाशी पोचेपर्यंत ती झोपली होती.